बाक, बँक आणि कोंभाळण्याचं बियाणं

"अकोल्याला निघालोय," असं म्हटलं की पुण्या-मुंबईत समोरचा माणूस हमखास विचारतो, "विदर्भात का?" सह्याद्रीच्या कुशीतलं, आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या नगर जिल्ह्यातलं अकोले वेगळं आणि विदर्भातलं अकोला वेगळं. लिहिताना फरक दिसतो, पण विभक्ती लागली की तो मिटतो. अकोल्याला, अकोल्यात, अकोल्याहून: दोन्ही गावांचं सामान्यरूप एकच. म्हणून प्रवरेकाठच्या माणसाला "नगरचं अकोले" असं पुढं जोडायची सवय लागलेली असते. एका आवाजात दोन अर्थ राहू लागले की काय होतं, हे या तालुक्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

म्हणूनच 'बँक' या इंग्रजी शब्दाची गोष्ट मला अकोल्यापासून सुरू करावीशी वाटते. इथल्या एकाच शेतकऱ्याच्या वर्षात हा शब्द किती वेळा आणि किती तऱ्हांनी येतो पाहा. पीककर्जासाठी तो जिल्हा बँकेत जातो. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर त्याला 'लेफ्ट बँक कॅनॉल' दिसतो. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की ब्लड बँकेकडे धाव घ्यावी लागते. पोराच्या खिशात पॉवर बँक असते. निवडणूक आली की वर्तमानपत्रं त्याच्या वस्तीला कुणाची तरी व्होट बँक ठरवून टाकतात. आणि कळसूबाईच्या परिसरातल्या कोंभाळणे गावात बियाण्याची बँक आहे. हा एकच शब्द आहे, की एकसारखे दिसणारे अनेक?

इंग्रजी शब्दकोशांत 'बँक'च्या निदान दोन स्वतंत्र नोंदी असतात. एक नदीकाठाची आणि दुसरी पैशाची. भाषाशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत तर एकाच रूपाचे दोन वेगळे शब्द कसे असतात ते समजवायला हेच ठरलेलं उदाहरण देतात. आपल्याकडे असे जोड पुष्कळ आहेत. नदीचा तीर संस्कृतातून आला आणि धनुष्याचा तीर फारसीतून. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. गिरणीतून आणतो ते पीठ 'पिष्ट' या शब्दावरून आलं आणि शक्तिपीठातलं पीठ म्हणजे आसन. ही दोन्ही पिठं मराठीत एका रूपाला आली, तरी त्यांची कुळं वेगळी. 'बँक'चं मात्र तसं नाही. थोडं खोल गेलं की काठ आणि पेढी एकाच मुळाशी जाऊन पोचतात.

ते मूळ आहे प्राचीन जर्मानिक भाषांतलं, आणि त्याचा अर्थ उंचवटा. जमिनीपासून थोडा वर आलेला, लांबट आणि वरून सपाट. निसर्गाने केलेला असा उंचवटा म्हणजे नदीचा काठ किंवा मातीचा चढ. माणसाने घरात भिंतीला लागून केलेला उंचवटा म्हणजे बसायचा ओटा, बाकडं. काठाचा अर्थ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर इंग्लंडात उतरला असावा. इ. स. १२००च्या सुमाराला तो इंग्रजीत लिहिलेला सापडतो. बाकड्याचा अर्थ इंग्रजीत आधीपासून होताच. त्याचंच आजचं रूप म्हणजे 'बेंच'.

काठाच्या अर्थाला अकोल्यात तोटा नाही. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा रतनवाडीच्या अमृतेश्वरावरून भंडारदऱ्यात येते, रंधा धबधब्यावरून खाली झेपावते आणि अकोल्याला वळसा घालून संगमनेरकडे निघते. हरिश्चंद्रगडाच्या अंगाने मुळा निघते तीही याच तालुक्यातून. इंग्रजीत या सगळ्याला एकच 'बँक' पुरते. मराठीची गरज त्याहून बारीक आहे. पाणी भरायला जातो तो काठ. कीर्तनात येतो तो पैलतीर. पाण्याने खालून पोखरलेली उभी कड म्हणजे दरड. आणि नदीच्या दोन्ही अंगांचा सगळा मुलूख म्हणजे थडी: गोदावरीची ती गंगथडी, भीमेची ती भीमथडी. घोड्यांची एक नामांकित जात भीमथडीच्या नावाने ओळखली गेली. इंग्रजीत 'बँक' एवढी रुंद कधी झाली नाही.

धरणाच्या नकाशावरची डावी-उजवी बाजू पुष्कळांना चकवते, म्हणून एवढं सांगून ठेवतो. पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येतो तो डावा काठ. नदी कुठल्याही दिशेने वाहो, नियम हाच. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात २०२३मध्ये पाणी सोडलं, तेव्हा नकाशावरचा 'लेफ्ट बँक' हा शब्द कित्येक वर्षांनी खरोखर ओला झाला.

इथे एक शब्द हटकून गोंधळ घालतो. शेताला बांध घालण्याच्या कामाला आपल्याकडे जुनी माणसं 'बंडिंग' म्हणतात. दुष्काळी कामांवर गेलेल्या पिढीच्या तोंडी हा शब्द पक्का बसला आहे. ऐकायला तो 'बँक'चा भाऊबंद वाटतो, पण नाही. इंग्रजांनी 'बंद' हा शब्द इथेच उचलला, फारसी-हिंदुस्तानीतून. त्याचं 'बंड' केलं, त्यापुढे आपला प्रत्यय लावला आणि सरकारी योजनेतून तो आपल्याला परत दिला. आपला बांध आणि त्यांचं बंडिंग दोन्ही बांधण्याच्या धातूकडे जातात. 'बँक' तिकडची नव्हे.

आता बाकड्याकडे येऊ, कारण पैशाची बँक तिथूनच निघाली. जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतून 'बँक' हा शब्द इटलीत गेला आणि तिथे 'बांका' किंवा 'बांको' झाला. मध्ययुगात इटलीतल्या शहरांमध्ये नाण्यांचे इतके प्रकार चालत की सराफावाचून बाजार हलत नसे. हे सराफ चौकात बाकडं मांडून बसत. पुढ्यात फळी, फळीवर नाणी, बाजूला तराजू आणि वही. माणसं त्या फळीकडे जात, म्हणून फळीचं नाव धंद्याला पडलं. मेदिची घराण्याची सुप्रसिद्ध बँक १३९७ साली फ्लॉरेन्सला उभी राहिली तोवर हा धंदा बाकड्यावरून वाड्यात गेला होता, पण नाव बाकड्याचंच राहिलं. इंग्रजीने पैशाच्या अर्थाने हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस घेतला. घरचाच शब्द परदेशी जाऊन, शिकून-सवरून, श्रीमंत होऊन परत आला. शब्दकोशातल्या दोन नोंदी याच फेरीच्या खुणा आहेत. ग्रीसमध्ये आजही बँकेला 'त्रापेझा' म्हणतात. त्याचा साधा अर्थ टेबल.

आणि मराठीत? मराठीत बँकेला पेढी म्हणतात. हा शब्द जातो 'पीठ', 'पीठिका' यांच्याकडे. म्हणजे पुन्हा आसन, बसायची उंच जागा! गादी टाकून, लोडाला टेकून, पुढ्यात उतरती पेटी घेऊन बसलेला सराफ डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बसण्याच्या जागेवरून त्याचा धंदा ओळखला गेला. इटलीतल्या सराफाशी त्याची ओळख नव्हती, भाषा वेगळी, देव वेगळे, तरी नाव पडलं ते त्याच वाटेने. इंग्रजीत बेंच आणि बँक यांचं जे नातं आहे, तेच मराठीत पीठ आणि पेढीचं आहे. अकोल्याचा दावा उच्च न्यायालयात गेला की तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे उभा राहतो, इंग्रजीत 'बेंच'पुढे. न्यायाधीशही बसतो, सराफही बसतो. दोन्ही भाषांनी दोघांची नावं त्यांच्या बसण्यावरूनच ठेवली. 'पिढी' हा शब्दही अभ्यासक याच पीठिकेशी नेऊन जोडतात. आजोबा, बाप, मुलगा, एकेक पायरी. पेढी आणि पिढी बहिणी-बहिणी आहेत हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी दोन्ही शब्द कागदावर शेजारी शेजारी लिहून कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

धंदा बुडाला की काय म्हणायचं, यातही दोन मुलखांच्या कल्पना जवळ येतात. इंग्रजीतला 'बँकरप्ट' हा इटालियन 'बांका रोत्ता'वरून आला, म्हणजे मोडलेलं बाकडं. बुडालेल्या सराफाचं बाकडं लोक खरोखर फोडत, अशी कथा सांगतात. ती कथाच असावी. धंदा मोडला म्हणजे बाकडं मोडलं, एवढा अर्थ पुरेसा आहे. आपल्याकडे दिवाळं निघतं. त्याचीही एक गोष्ट आहे. देणं भागवता येईना झालं की व्यापारी पेढीवर भर दिवसा दिवा लावून निघून जाई, त्यावरून दिवाळं. व्युत्पत्ती म्हणून यावर मतभेद आहेत, पण चित्र विसरता येत नाही.

पैशाची बँक मराठीत येण्याच्या फार आधी तिचं बाकडं आलं होतं. शाळेत आपण ज्यावर बसलो तो 'बाक' पोर्तुगीजांच्या 'बांको'वरून आला. पाव, बटाटा, चावी, बादली ज्या गलबतांतून उतरली त्यांतूनच. कोकणीत तो बांक, गुजरातीत बांकडो, मराठीत बाक आणि बाकडं. मग इंग्रजी राज्यात 'बेंच' आला, 'बँक' आली. आता लग्नाच्या हॉलवर 'बँक्वेट' लिहिलेलं असतं, तोही छोट्या बाकड्याचाच शब्द, 'बांकेत्तो'. एकाच मुळाची चार लेकरं चार वेगळ्या वाटांनी मराठीच्या घरात आली आणि चौघं एकमेकांना ओळखत नाहीत. अकोल्यातल्या एखाद्या शाळेत पोरगं बाकावर बसून 'बँक'चं स्पेलिंग पाठ करतं, तेव्हा तो शब्द त्याच्या बुडाखालीच असतो.

पण अकोल्याला पेढीची आठवण गोड नाही. या डोंगरी तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना एकोणिसाव्या शतकात पैसा मिळे तो सावकाराकडून, आणि जमीन जाई तीही सावकाराकडेच. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी उठाव केला तो इंग्रज सरकारविरुद्ध, आणि तितकाच सावकारी वह्यांविरुद्ध. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. पुढे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जखतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. बहुतेक ठिकाणी माणसांना हात लागला नाही, राग कागदावर होता. १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला, १९०४मध्ये सहकारी पतसंस्थांचा. याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०मध्ये त्याचं गाळप सुरू झालं. सहकारी बँकेने आणि पतपेढीने सावकाराच्या पेढीची जागा घ्यावी हा त्या पिढीचा ध्यास होता. तो किती पुरा झाला हा वेगळ्या पुस्तकाचा विषय. शब्दाच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं इतकंच, की 'पेढी' शब्दाला चिकटलेली भीती 'बँक' या परक्या शब्दाला नव्हती. तो कोरा आला.

कोरा शब्द लवकर पसरतो. विसाव्या शतकात 'बँक' पैशाच्या बाहेर पडला. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी १९३७मध्ये रक्त साठवून ठेवायची सोय केली आणि तिला 'ब्लड बँक' म्हटलं. ठेवायचं, गरजेला काढायचं, पुन्हा भरायचं: हिशेब तोच, फक्त रोकड वेगळी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्याचा अभ्यास मांडताना १९५५मध्ये 'व्होट बँक' हा शब्द वापरला. तो आपल्या देशात इतका रुळला की त्याला कर्ता होता हेच लोक विसरले. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मातेच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. मराठीने मात्र इथे परका शब्द बाजूला ठेवला आणि जुनी पेढी काढून तिला नवं काम दिलं. रक्तपेढी, नेत्रपेढी, मतपेढी. सावकाराच्या गादीवरचा शब्द रक्ताच्या बाटलीवर बसला आणि स्वच्छ झाला. भाषेने केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

कोंभाळण्यात मात्र लोक बियाणे बँकच म्हणतात. राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. १९६४चा जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरात नातवंड आजारी पडलं, आणि फवारलेली भाजी पोटात जाते म्हणून हे होतं असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून गावठी वाण गोळा करायला त्यांनी सुरुवात केली. बायफ या संस्थेचे कार्यकर्ते पाठीशी उभे राहिले, बायकांचे बचतगट जोडले गेले, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं. २०१८मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे बहुतेकांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते बँकेच्या व्यवहाराबद्दल.

घेवड्याच्या आणि वालाच्या किती जाती असाव्यात? शहरातल्या भाजीवाल्याकडे फार तर एक-दोन. इथे कुठली शेंग रुंद, कुठली कोयरीसारखी वळलेली, कुठलीच्या कडेला जांभळी रेघ, कुठलीचा दाणा काळा तर कुठलीचा लालसर. भातात काळभात आहे, रायभोग आहे, कोळपी आहे. उन्हात खडखडीत वाळवलेलं बी राखेत घोळायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, गाडग्यात भरून तोंड शेणमातीने लिंपायचं. राख ओल शोषते, किडीला दाण्यावर चालणं अवघड करते. एवढं साधं तंत्र, पण ते हाताला यावं लागतं. बी पुरतं वाळलं की नाही हे दाताखाली दाणा धरून कळतं. कट्ट असा आवाज आला पाहिजे.

आणि नियम हा: मूठभर बियाणं न्यायचं, पेरायचं, पीक आलं की दुप्पट आणून द्यायचं.

दुप्पट हा शब्द ऐकून जुन्या माणसाच्या अंगावर काटा येईल, कारण धान्याच्या उधारीचं मराठीत एक नाव आहे: वाढीदिढी. पेरणीला पायलीभर न्यायचं, सुगीला दीड पायली घालायची. सावकार दिढी घेई, इथे तर दुप्पट. फरक आहे तो दोन ठिकाणी. पहिला असा की दिढी सावकाराच्या कणगीत जाई, आणि हे दुप्पट पुढच्या वर्षी आणखी एका घरी जातं. दुसरा असा की पेरलेल्या दाण्याची वाढ मुळातच मोठी असते. वालाचा एक वेल कुडावर चढला की एका दाण्याचे किती होतात हे ज्याने शेंगा सोलल्या आहेत त्याला विचारा. दुप्पट परत देणाऱ्याला ते जाणवतही नाही.

यात आणखी एक गोष्ट लागते. भात आणि वाल ही मुख्यतः स्वतःच्याच परागांवर फळणारी पिकं आहेत. म्हणून गावठी वाणाचं बी पेरलं की पुढच्या वर्षीही तेच वाण मिळतं. संकरित बियाण्याचं तसं नाही. त्याचं बी राखून पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, कमी-जास्त होतात, आणि दर हंगामाला दुकानात जावं लागतं. संकरित पिशवी परत भरता येत नाही, म्हणून तिची बँकही होऊ शकत नाही. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, पेरावं, देवघेव करावी, हा हक्क २००१च्या वाण संरक्षण कायद्याने त्याला दिलेला आहे. फक्त नाममुद्रेखाली विकायचं नाही.

जगात बियाण्याच्या मोठ्या बँका आहेत. लेनिनग्राडला निकोलाय वाविलोव यांनी उभ्या केलेल्या संग्रहाजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात शास्त्रज्ञ भुकेने मेले, पण पोत्यातल्या दाण्याला त्यांनी हात लावला नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात गोठलेल्या डोंगरात कोरलेलं कोठार २००८मध्ये सुरू झालं. तिथे बी थंडीत झोपवून ठेवतात. आणीबाणीसाठी ती झोप हवीच. पण गाडग्यातलं बी इतकी वर्षं झोपत नाही, त्याची उगवण दर वर्षी घटत जाते. कोंभाळण्याच्या बँकेतली ठेव उचललीच नाही तर ती मरते. ती टिकते ती कुणीतरी नेते म्हणून. पाऊस बदलला, कीड बदलली, तर शेतात पेरलेलं वाणही त्यांच्याबरोबर थोडं थोडं बदलतं. गोठवलेल्या दाण्याला ते जमत नाही.

'कोठार' हा चांगला मराठी शब्द हाताशी असताना इथे 'बँक' का म्हणायचं, असं मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. कोठारात फक्त साठा असतो. बँकेत देणं, घेणं आणि परत येण्याचा भरवसा लागतो. त्या अर्थाने कोंभाळण्याची बँक शब्दाच्या जुन्या चित्राच्या फार जवळ आहे. इथे कर्ज देणारी बाई समोर बसलेली असते, पुढ्यात दाणे असतात, आणि नेणारा कोण आहे हे तिला माहीत असतं. कारकुनाची काच मध्ये नाही. आणि जिथे पेढी आहे तिथे पिढीही आहे: हे बी आजीकडून आलेलं असतं आणि नातीला द्यायचं असतं.

तुमच्या घरी, गावाकडच्या माळ्यावर, एखाद्या गाडग्यात किंवा जुन्या डब्यात घेवड्याचं बी असेल, तर येत्या मृगात बाहेर काढा. त्याचं नाव काय ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. निम्मं पेरा, मूठभर शेजारी द्या, आणि पौषात शेंगा वाळल्या की त्यांच्याकडून दुप्पट मागून घ्या.